आतल्या बाजूचा हात

कुलूप उघडणाऱ्या माणसाचं सगळं आयुष्य दाराच्या बाहेर जातं. आत काय आहे हे त्याने विचारायचं नसतं, आणि दार उघडलं की दोन पावलं मागं सरून मान दुसरीकडे वळवायची असते. ही शिकवण कुलूपवाल्याला त्याच्या उस्तादाने दिली होती आणि तिच्या जोडीला आणखी एक नेम घालून दिला होता. कुलपाला हात लावण्याआधी दारावर टकटक करायची. आधी एकदा, मग जरा थांबून दोनदा. घर रिकामं आहे हे पक्कं ठाऊक असलं तरी करायची, किल्ली हरवलेला मालक शेजारी घाम पुसत उभा असला तरी करायची. तीस वर्षांत हा नेम एकदाही मोडला नव्हता. बायको तर म्हणायची, "स्वतःच्या घरात शिरतानासुद्धा टकटक करता, मी काय आत दरोडेखोर लपवलेत?"

मग तो कायदा आला.

तोवर कागद नसणं ही भानगड कचेरीच्या खिडकीपुरती होती. परक्या मुलखातून आलेलं माणूस सापडलं तर दंड, अर्ज, तारखा, खेटे. नव्या कायद्याने तोच माणूस गुन्हेगार झाला. त्याने कोणाचं काही चोरलेलं नको, कोणाला मारलेलं नको, कागदाशिवाय इथे श्वास घेत असला की पुरे, तुरुंग. आणि त्याला खोली देणारा, काम देणारा, जाणूनबुजून गप्प बसणारा, तोही गुन्हेगार. लोकांनी रस्त्यावर येऊन पेढे वाटले असं काही झालं नाही, उगाच कोणावर खोटा आळ नको. पण घर झाडून घेतल्यावर वाटतं तसं बऱ्याच जणांना बरं वाटलं. न्हाव्याच्या दुकानात, दवाखान्याच्या बाकावर, जिन्यात, जो तो म्हणू लागला, कायदा म्हणजे कायदा. गंमत अशी, की असं म्हणणाऱ्या प्रत्येकाचं एकेक माणूस होतं. न्हाव्याकडे केस झाडणारा, डॉक्टरीणबाईंकडे स्वयंपाक करणारी, शाळेच्या फाटकावर बसणारा. "आमचा मात्र तसा नाही हं," असं ते लगेच पुढे जोडायचे. सगळ्यांच्या 'आमच्या' माणसांची बेरीज केली असती, तर पकडायला कोणी उरलंच नसतं.

कुलूपवाल्यानेही मान डोलावली होती. त्याच्याही घरी एक 'आमची' होतीच. तिला सगळे मावशी म्हणायचे.

सहा वर्षांपूर्वी कुलूपवाल्याच्या वडिलांची उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. घशातून नुसती घरघर यायची. बायको थकली, तो स्वतः दुकान सांभाळून मेटाकुटीला आला, तेव्हा कोणाच्या तरी ओळखीने मावशी आली. कुठून आली ते तिने एकदा सांगितलं होतं, पुन्हा कोणी विचारलं नाही. पंधरा दिवसांत तिला म्हाताऱ्याची घरघर कळायला लागली. "बाबा म्हणतायत उशी टोचते," ती सांगायची. उशी काढून पाहावं तर खरंच शिवण उसवून पिसाचं देठ वर आलेलं असायचं. पोटच्या पोराला जे कळत नव्हतं, ते तिला कळायचं, आणि कुलूपवाल्याला त्याची थोडी लाजही वाटायची.

कायदा आला त्या रविवारी मेहुणा चहाला आला. हा बायकोचा धाकटा भाऊ, सरकारी कचेरीत कारकून, त्यामुळे सगळ्या कायद्यांचा बाप असल्यासारखा बोलायचा. मावशी आत वडिलांना पुसून घेत होती, तेवढ्यात त्याने आवाज खाली आणला.

"भाऊजी, हिला आता रजा द्या."

"ती आपल्या घरातली आहे रे," बायको म्हणाली.

"कागदावर दाखव, कुठे आहे घरातली. तायडे, मला तिचं वाईट नाही वाटत असं नाही. पण उद्या भाऊजींना आत घेतलं, तर बाबांचं कोण करणार? मावशी?"

मेहुण्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं, आणि अशा वेळी चुकीचं नसलेलं म्हणणंच जास्त त्रास देतं.

पुढच्याच आठवड्यात कुलूपवाल्याला कागद तपासणाऱ्या कचेरीतून बोलावणं आलं. झडतीच्या वेळी दारं फोडली जात होती आणि घरमालक बोंब मारत होते, म्हणून दार न मोडता उघडून देणारा माणूस हवा होता. तिथले साहेब मोठे गोड बोलणारे. सदानकदा संत्रं सोलत असायचे आणि अर्ध्या फोडी समोरच्याला द्यायचे. "तुझ्यासारखा कारागीर असताना लाथा कशाला मारायच्या?" ते म्हणाले. नाही म्हणायची त्याची छाती झाली नाही. नाही म्हटलं तर 'का नाही' असं विचारत कोणी घरी यायला नको, हा हिशेब त्याने मनाशी केला. मावशीला वाचवण्यासाठीच आपण हे करतोय, असंही त्याने स्वतःला सांगून पाहिलं, आणि ते त्याला बऱ्यापैकी पटलं.

पहिली दोन दारं रिकाम्या खोल्यांची निघाली. तिसऱ्या दारावर त्याने टकटक केली, उत्तर आलं नाही. गुडघे टेकून त्याने कुलपात पट्टी घातली, वरून बारीक तार सरकवली. कुलूप साधं होतं, पाच मिनिटांचं काम. एकेक खटका वर बसला, पट्टी फिरायला लागली, आणि थांबली. गंजाने थांबते तशी थांबली नाही. कुलूपवाल्याला गंज कळतो, वाकलेलं दार कळतं, तुटलेली किल्ली कळते. हे त्यातलं काही नव्हतं. पट्टीतून त्याच्या बोटांत एक थरथर येत होती. आतल्या बाजूची फिरकी कोणीतरी मुठीत घट्ट धरून ठेवली होती.

दोघांच्या मध्ये दोन बोटं जाडीचं लाकूड. इकडे हा, तिकडे तो हात. साहेब मागे संत्रं सोलत उभे. कुलूपवाल्याने जोर वाढवला. तिकडूनही वाढला. मग त्याने तीस वर्षांच्या कसबाने पट्टीला एक हिसका दिला, आणि तो हात सुटला. दार उघडलं. तो दोन पावलं मागे सरला आणि शिकवल्याप्रमाणे त्याने मान वळवली. त्यामुळे तो हात कोणाचा होता, बाईचा की बाप्याचा, हे त्याला कधी कळलं नाही.

त्या दिवसापासून तो हात त्याच्या मागे लागला. दुकानात साधं कपाटाचं कुलूप दुरुस्त करायला घेतलं, तरी पलीकडून कोणी धरलंय असं वाटायचं. न्हाणीघराची कडी लावताना बोटं आखडायची. तरी तो साहेबांबरोबर जात राहिला, चौथ्या दाराला, पाचव्या दाराला. माणूस भुतालाही सरावतो.

घरी मात्र शेवटी मेहुण्याचंच चाललं. मावशीने काही दिवस येऊ नये असं ठरलं. सांगायचं काम अर्थातच कुलूपवाल्याच्या गळ्यात पडलं. ती ऐकत राहिली, वडिलांच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं, आणि म्हणाली, "उताणं जास्त वेळ नका ठेवू. पाठीला फोड येतात."

त्याला काहीतरी करावंसं वाटलं. ज्याला जे येतं ते तो करतो. दुसऱ्या दिवशी दुकानातलं सगळ्यात चांगलं कुलूप घेऊन तो तिच्या खोलीवर गेला. एका छापखान्याच्या मागे, लांब बोळाच्या टोकाला तिची खोली होती, एक खाट, एक शेगडी, गज लावलेली एक खिडकी. जुनं कुलूप काढून त्याने नवं बसवलं. दोन फेरे घेणारं, भोक पाडायला गेलं तर आणखी घट्ट होणारं. काम संपल्यावर सवयीने खिशातलं गोल स्टिकर काढून दाराच्या चौकटीवर चिकटवलं, दुकानाचा फोन नंबर असलेलं. बसवलेल्या प्रत्येक कुलपापाशी तो ते लावायचा. सही केल्यासारखंच होतं ते, आणि त्या क्षणी त्याला आपल्या कामाचा अभिमान वाटत होता.

मावशीने आतून फिरकी फिरवून पाहिली. "दादा, तुम्ही तरी उघडू शकाल ना हे?"

"मी सोडून कोणाच्या बापाला उघडणार नाही," तो हसून म्हणाला. "कोणीही आलं तरी उघडू नका. हाक मारू देत, लाथा मारू देत. दर गुरुवारी मी किराणा घेऊन येईन. माझी टकटक तुम्हाला ठाऊक आहे."

"ती सगळ्या गल्लीला ठाऊक आहे," मावशी म्हणाली. ती तशी फार विनोद करणारी नव्हती.

सात गुरुवार नीट गेले. तो टकटक करायचा, दोन फेरे फिरायचे, दार वीतभर उघडायचं. तो तांदूळ, डाळ, साबण आत द्यायचा, ती मागच्या आठवड्याची पिशवी धुऊन घडी घालून परत द्यायची. आणि दर वेळी आधी वडिलांचं विचारायची. झोप लागते का, पाठ कशी आहे, घरघर वाढली का. आपलं काही सांगायची नाही. सात आठवडे एका खोलीत कोंडून घेतलेल्या बाईकडे सांगायला काय असणार, असं त्याला वाटायचं. खरं तर त्याने कधी विचारलंच नाही.

आठव्या आठवड्यात, मंगळवारी दुपारी, साहेबांचा फोन आला.

"अरे, इथे एका दाराशी अडलोय. आमच्या माणसाने तासभर खटपट केली, हलत नाही. मग चौकटीवर पाहिलं, तर तुझाच नंबर. म्हटलं, दुसऱ्याला कशाला त्रास."

पत्ता छापखान्यामागच्या बोळाचा निघाला. बसवणाऱ्यानेच बोट दाखवून ठेवलं होतं. आपलं स्टिकर त्याला डोळ्यांसमोर दिसायला लागलं, गोल, पिवळं, चांगलं ठळक. साहेबांनी धाडलेली गाडी दुकानाशी आलीच होती; तिच्यात दोन शिपाई त्याच्या दोन्ही बाजूंना बसले, फोन करायची सोय नव्हती.

"कोणाला बसवलं होतंस हे, आठवतं का?" बोळात साहेबांनी विचारलं.

"रोज बसवतो साहेब. कोणाकोणाचं लक्षात ठेवू?"

त्या बोळात चालताना त्याने ठरवलं, आणि अगदी खरोखर ठरवलं, हे त्याच्या बाजूने सांगायलाच हवं. आपण कुलपात तार घालायची आणि आतच मोडायची. म्हणायचं, साहेब, अडकलं, आता कोणालाच उघडणार नाही. मग ते दार फोडतील, तोडायची यंत्रं मागवतील, अर्धा तास, तास. तेवढ्यात काय होणार होतं ते त्याला माहीत नव्हतं. खिडकीला गज होते. पण निदान तो हात आपल्या हातून सुटणार नाही, एवढंच त्याला हवं होतं. दार कोणीही उघडो, आपण उघडायचं नाही.

तो दारापुढे गुडघ्यांवर बसला. हत्यारांची पिशवी उघडली. मोडायची तारसुद्धा निवडून डाव्या हातात धरली. आणि त्याचा उजवा हात वर गेला आणि त्याने दारावर टकटक केली. एकदा. मग जरा थांबून दोनदा.

केल्यावर त्याला कळलं.

आत चपलांचा आवाज आला, घाईघाईचा. तासभर दाराशी चाललेली खटपट ऐकून ती आत किती घाबरली असेल, आणि मग ही टकटक ऐकून तिला किती सुटल्यासारखं वाटलं असेल, त्याचा विचार आजही त्याच्याने पुरा होत नाही. फिरकी फिरली. एक फेरा. दुसरा फेरा. त्याची पट्टी कुलपात गेलीसुद्धा नव्हती.

दार उघडलं तेव्हा तिच्या हातात घडी घातलेली पिशवी होती आणि तोंडावर नुकतंच येऊ लागलेलं हसू होतं. ती आधी त्याच्याकडे बघत होती. मग तिने त्याच्या डोक्यावरून मागे बघितलं. आणि पुन्हा त्याच्याकडे बघितलं, तेव्हा ते हसू पूर्ण गेलेलं होतं आणि नजरेत काहीही नव्हतं. चुकीच्या दारावर आलेल्या पोस्टमनकडे बघावं तशी ती बघत होती. या वेळी त्याने मान वळवली नाही. ती वळवायची राहून गेली.

"कमाल आहे तुझी," साहेब म्हणाले. "हत्यारंही लागली नाहीत." मग त्यांनी तिला विचारलं, "तासभर आम्ही होतो तेव्हा नाही उघडलंत. आत्ता कसं उघडलंत? ओळखता का ह्याला?"

"नाही," मावशी म्हणाली. "मला वाटलं शेजारचे कोणी आहेत."

तिला घेऊन गेले. साहेबांनी त्याला संत्र्याच्या दोन फोडी दिल्या. त्या घरी पोचेपर्यंत त्याच्या मुठीत होत्या.

घरी ऐकून बायको रडली. संध्याकाळी मेहुणा आला. सगळं ऐकून त्याने मोठा श्वास सोडला. "नाव घेतलं नाही ना तिने? मग वाचलो." बायकोने त्याच्यापुढचा चहाचा कप उचलला आणि मोरीत ओतला. तो बिचारा बघतच राहिला.

त्यानंतर घरात एक आवाज राहायला आला. दुपारच्या वेळी, वडील झोपलेले असताना, बायको भांडी आवरत असताना, कुठूनतरी कुलपाचे दोन फेरे ऐकू यायचे. एक, मग दुसरा. कुलूपवाला उठून बघायचा, दार होतं तसं बंद. तिसऱ्या दारामागच्या त्या हाताला तो घाबरत होता, पण तो हात तरी विरोध करत होता. हा हात उघडायला यायचा, विश्वासाने, लगबगीने, आणि त्याचं काय करावं ते त्याला समजत नव्हतं. शेवटी त्याने घरातल्या सगळ्या कड्या काढून टाकल्या आणि दारं चिंध्यांनी भिंतीच्या खिळ्यांना बांधून ठेवली. शेजारी विचारायचे, वारा घेताय का. तो हो म्हणायचा. आवाज यायचा तो येतच राहिला. साहेबांचे फोन तो घेईनासा झाला, आणि दुकान उघडेनासा झाला.

वडील घरघर करायचे आणि त्याला अर्थ लागायचा नाही. उशी बदलून व्हायची, कूस बदलून व्हायची, तरी घरघर चालूच. एका घरघरीचा अर्थ मात्र त्याला लागला. ती दाराकडे बघून असायची.

त्याला एकच गोष्ट खात होती. तिला काय वाटलं असेल? आपणच त्यांना घेऊन आलो असं? ती नजर शिव्या देणारी होती की आपल्याला वाचवणारी? जेवताना, दाढी करताना, वडिलांना पुसताना तो ती नजर पुन्हा पुन्हा उलगडून बघायचा आणि तिच्यात काही सापडायचं नाही. तिला समोर बघून सांगायचं होतं, मावशी, मी आणलं नाही हो त्यांना. माझा हात गेला.

तीन आठवड्यांनी एका सकाळी तो बायकोला म्हणाला, "मी भेटायला जातोय. अर्जावर खरं लिहिणार आहे. आपल्याकडे होती, सहा वर्षं होती."

बायको स्वयंपाकघराकडे वळली. मग म्हणाली, "थांबा, डबा देते. तुम्हालाही आत ठेवलं तर तिथलं घशाखाली उतरायचं नाही."

तुरुंगाच्या भेटीच्या दालनात बाकं होती आणि काचेची एक खिडकी. खिडकीमागे चाळिशीची एक बाई, डोळ्यांखाली काळी वर्तुळं, शिक्के मारून मारून अंगठा निळा झालेला. तिने अर्ज दिला. 'कैद्याशी नाते' या ओळीपाशी कुलूपवाला थांबला. मग त्याने नीट सावकाश अक्षरात लिहिलं, आमच्या घरी सहा वर्षे कामाला होत्या. खोलीला कुलूप मी बसवले. पत्ता माहीत असून सांगितला नाही. लिहून झाल्यावर कित्येक दिवसांनी त्याचा खांदा सैल झाला.

खिडकीतल्या बाईने अर्ज वाचला. मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. एका चिठ्ठीवर फक्त त्याचं नाव लिहून तिने ती आत पाठवली. तासाभराने आतून एक कागद आला. तो वाचून तिने त्याला बोटाने जवळ बोलावलं.

"काका, त्या भेटायला नाही म्हणतात. ह्या माणसाला मी ओळखत नाही म्हणाल्या."

"रागावल्या असतील. त्यांना सांगा, मी फक्त—"

"रागावल्या नाहीत. ओळखत नाही असं लिहून घ्या म्हणाल्या. शिपाई लिहायला लागला तर त्याच्या हातातून कागद घेतला आणि स्वतः लिहिलं. साक्षीदार हवा तर बोलवा म्हणाल्या."

"खोटं आहे ते," कुलूपवाला म्हणाला. "त्या मला ओळखतात. माझ्या वडिलांचं सगळं त्यांनी केलंय. तुम्ही माझा अर्ज वाचलात ना? तो खरा आहे."

बाईने मागच्या रांगेकडे एक नजर टाकली आणि काचेजवळ वाकली. "नीट ऐका. तिने सरकारी कागदावर सही करून दिलंय. आता तुमचा अर्ज खरा धरला, तर तिचा खोटा ठरतो. खोट्या जबानीचं कलम वेगळं, आणखी दोन वर्षं. तुम्हाला काय व्हायचं ते होईल, पण तिला आधी ते लागेल." तिने त्याचा अर्ज उचलला. "हा मी अजून नोंदवलेला नाही. मी फक्त नाव वाचलंय. बोला, काय करू?"

मागे कोणाचं तरी तान्हं कुरकुरत होतं. कुलूपवाल्याने बगलेतला डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. गुन्हा कबूल करायला आलेल्या माणसाला कबूल करायची मुभासुद्धा तिने ठेवली नव्हती, आणि ती त्याला शिक्षा म्हणून की त्याच्यावरच्या मायेने, हे विचारायला आता कोणतंही दार नव्हतं.

"चूक झाली मॅडम," तो म्हणाला. "ही ती बाई नव्हे. मी दुसऱ्याच कोणाला तरी शोधत होतो."

"होतं असं," खिडकीतली बाई म्हणाली. तिने त्याचा अर्ज चार घड्या करून टेबलाखालच्या टोपलीत टाकला आणि आतून आलेला कागद काचेखालून पुढे सरकवला. "भेट नाकारल्याची नोंद आहे. ह्याच्यावर तुमचीही सही लागेल."

कागदावर एकच ओळ होती. या माणसाला मी ओळखत नाही. अक्षर मोठं, गोल, एकेक वळण जपून काढलेलं. त्याच्या वडिलांच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर औषधांच्या वेळांचा कागद अजून चिकटवलेला होता, आणि तो लिहीत लिहीतच मावशी इथलं लिहायला-वाचायला शिकली होती. सकाळची गोळी, दुपारची गोळी, झोपताना अर्धी, ते हेच अक्षर होतं. ओळीखाली तिची सही होती. त्याने बाईकडून पेन घेतलं आणि तिच्या सहीखाली आपली सही केली.